दीड तारा

बुधवारी सिनेमा लागतो, गुरुवारी पेपर येतो,
शुक्रवारी मी तिकीटखिडकीच्या काचेवर
तुमचा लेख चिकटवते, महाशय कोर्बिनो.
चांगला असो, वाईट असो.
मालक म्हणतात, वाईट असेल तर जरा खाली लाव,
गुडघ्यापाशी, कुत्र्यांना वाचता येईल असा.

या वेळी दीड तारा.
एक अख्खा, एक मधोमध कापलेला.
एकाला शहाणा म्हणतात,
दीडाला काय म्हणतात ते मी बोलत नाही.

पॅरिसवाल्यांनी आधीच हात धुऊन घेतले होते.
एक म्हणाला, कालचा पाव, आज गरम करून वाढलेला.
दुसरी म्हणाली, शॅम्पेनचा बुडबुडा, फक्त शॅम्पेन वगळून.
तुम्ही मात्र सविस्तर. आठशे शब्द.
"हलका," लिहिलंत. पुढच्या ओळीत "उथळ".
आणि शेवटी एकटाच, पूर्णविरामासकट:
"पोकळ."

गोष्ट तशी आहे काय?
गाडी चालवायची परीक्षा घेणारा एक अवघडलेला माणूस
आणि सहा वेळा नापास झालेली
चष्म्याच्या दुकानातली एक बाई.
सातव्या खेपेला तो तिला काहीतरी सांगायला जातो,
हात भलत्याच खटक्यावर पडतो,
आणि कोरड्या ठणठणीत उन्हात
काचेवरचे वायपर सुरू होतात.
नाही, नाही, नाही, नाही,
अशी मान हलवत.
ती म्हणते, बरं, मग राहू दे.

बास. एवढंच.

पण तिथे तुम्ही हसलात, महाशय.
तिसरी रांग, कडेची खुर्ची, जिची स्प्रिंग वाजते.
मी दारापाशी उभी होते, बॅटरी विझवून.
अठरा वर्षं बघतेय तुम्हाला,
ती खुर्ची वाजते फक्त तुम्ही पाय बदलता तेव्हा.
त्या दिवशी ती वाजतच राहिली.
मग तुम्ही रुमाल काढलात, खोकलात,
खोकला बराच लांबवलात.
लेखात त्या खोकल्याचा उल्लेख नाही.

मंगळवारी तिकीट स्वस्त.
सँ-नाझेरच्या गोदीतले लोक येतात,
नखांत काळं, कानांत दिवसभराचा ठणठणाट.
गिल्दास वेल्डर, बावीस वर्षं जहाजांचे तळ जोडतोय,
उकिडवा बसून तुमचा लेख वाचत होता,
ओठ हलवत, सावकाश.
शेवटच्या शब्दावर बोट ठेवून थांबला.
"हे वाईट म्हणून लिहिलंय का?"
मी म्हटलं, बहुतेक.
तो म्हणाला, "आम्ही तिकडे पोकळच बांधतो.
हजारो टन लोखंड, आणि मधे
जपून, मोजून, नीट बंद केलेलं
काही नाही.
भरीव बांधलं असतं
तर पहिल्याच दिवशी तळाला."
उठताना त्याचा गुडघा कट्कन वाजला.
"दोन द्या. ही बाहेर गाडीत बसलीय,
यायचं नाही म्हणते."

सव्वादहाला बाहेर पडताना
ती त्याच्या नाकासमोर तर्जनी नाचवत होती,
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
आणि तो बंदराकडे तोंड करून हसत होता,
इतका मोठ्यानं, की समोरच्या खाणावळीतल्या पोरीनं
खुर्च्या उलट्या ठेवता ठेवता वळून बघितलं.
हे किती ताऱ्यांचं, मला ठरवता येत नाही.
मी फक्त तिकिटं फाडते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात.
वही नाही, पत्रकाराचं कार्ड नाही.
काचेवरचा कापलेला तारा कुणीतरी
लिपस्टिकनं पुरा केला होता.
तुम्ही तो बघितलात, न बघितल्यासारखा,
आणि आठ युरो सरकवलेत.
तिकीट साडेसहा.
मी उरलेले दीड परत सरकवले.
"राहू द्या," म्हणालात. एवढंच.

आत काय झालं, सांगता येणार नाही.
बाहेर रांग होती.
आणि तिसऱ्या रांगेतली ती कडेची खुर्ची
मी सकाळीच तेल घालून घेतली होती.